तीन नंबरच्या शटरपुढचं गोणपाट

माणूस कसा पडला, हे त्यानं तोंड उघडायच्या आधी मला कळतं. फुशारकी म्हणा हवं तर. पण अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर एवढी फुशारकी मारायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

तळहात सोललेले, गुडघे फुटलेले, हनुवटीला खोक, म्हणजे गडी अडखळून पुढे पडला. माकडहाड धरून वाकडा चालतोय, कोपर सुजलंय, डोक्याला मागून टेंगूळ आलंय, म्हणजे घसरून मागे बसला. घोटा बाहेरच्या अंगानं फुगला असेल तर पायरी चुकली. आणि दोन्ही टाचांवर चालता येत नसेल तर साहेबांनी प्लॅटफॉर्मवरनं उडी मारली, कारण पायऱ्या दहा पावलं लांब होत्या! पडणं पडणं सगळ्यांना सारखंच वाटतं. तसं नसतं. अडखळण्याचं कारण वेगळं, घसरण्याचं वेगळं, आणि जखम त्यात खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

माणसं किती बोलायची! आमच्या गेटवर एक मोठा फलक होता, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारा. शंभर दिवस भरले की सगळ्यांना एकेक स्टीलचा डबा मिळायचा. मग नव्वदीच्या पुढे आकडा गेला की कारखान्यात कुणी पडायचंच नाही. लंगडत यायचे आणि म्हणायचे, "म्हशीनं लाथ मारली शिष्टर, घरी." हात सोललेला असला तरी म्हैस, हनुवटी फुटली तरी म्हैस. मी एकाला विचारलं, "अरे, म्हशीनं हनुवटीला लाथ मारायला तू काय तिच्याखाली झोपला होतास?" तर म्हणतो, "व्हय, धार काढत हुतो." माझं इजा रजिस्टर वाचून कुणालाही वाटावं की बारामती ते इंदापूर पट्ट्यातल्या म्हशी फार तापट आहेत. पण मी कुणाचं ऐकून लिहिलं नाही. जखम बघायची आणि दिसेल ते लिहायचं, अशी माझी शिस्त होती. त्याच शिस्तीनं मला एकदा तोंडावर पाडलं, तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

आधी कारखाना सांगते, नाव सांगत नाही. गायी-म्हशींचं खाद्य बनवायचा तो कारखाना. पेंड, कोंडा, मका भरडायचा आणि त्यात मळी मिसळायची. मळी म्हणजे साखर निघून गेल्यावर उरतो तो काळा, दाट पाक. आमच्या भागात साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे मळीलाही नाही. ती गरम करून पाइपातून मिक्सरकडे न्यायची. हा पाइप जायचा लोडिंगच्या प्लॅटफॉर्मच्या डोक्यावरून. प्लॅटफॉर्म ट्रकच्या उंचीचा, त्याला चार शटरं. प्रत्येक शटरला एक ट्रक पाठ लावून उभा. टोळीतले हमाल थप्पीवरचं पोतं डोक्यावर घ्यायचे, दहा-बारा पावलं चालायचे आणि ट्रकात टाकायचे, दिवसभर. डोक्यावर पन्नास किलो घेतलेला माणूस समोर बघू शकतो, स्वतःच्या पायाखाली बघू शकत नाही. एवढं एक लक्षात ठेवा.

मळीला वास असतो. आंबूस, गोडसर आणि चिवट. अंगाला, कपड्यांना, केसांना बसतो आणि धुऊन जात नाही. माझा दवाखाना गेटजवळ, प्लॅटफॉर्मपासून चांगला लांब, तरी मी संध्याकाळी काटेवाडीला घरी पोहोचले की आमचे हे म्हणायचे, "आली बघ, वासानं म्हैस हंबरायला लागली." आम्हाला त्या वासाचं काही वाटायचं नाही. इतकं वाटायचं नाही, की बाहेरच्या कुणाला तो वेगळा वाटेल हेही आम्ही विसरलो होतो.

आता भिवा आबा. टोळीचे मुकादम. पंचावन्नच्या आसपासचे, काटक, बोलायला कंजूष. गाव शेळगाव, आणि शेळगाव हे माझं माहेर. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं, ऐकून मान हलवली आणि टोळीला सांगितलं, "ही आपल्या गावची ल्येक हाय. हिच्याम्होरं शिवी द्यायची न्हाय." त्या दिवसापासून दवाखान्यात शिव्या बंद. गेटच्या आत ते मला शिष्टर म्हणायचे आणि गेटच्या बाहेर आक्का. आबांचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता आणि त्याच्या चितेसमोर आबांनी दारूला न शिवायची शपथ घेतली होती. तेव्हापासून आबा गुत्त्यावरून जायची वेळ आली तर रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जात. सगळ्या टोळीला हे माहीत होतं.

एका दुपारी आबांना दोघांनी धरून आणलं. हनुवटीतून रक्त, दोन्ही गुडघे फुटलेले, उजवं मनगट चमच्यासारखं वाकलेलं. मी म्हटलं, "आबा, पुढं पडलात."

"आडखाळलो," आबा म्हणाले.

"कशाला?"

"आडखाळलो बगा."

तीन नंबरच्या शटरपुढं ते पोतं घेऊन चालत होते. पाय अडला, पोतं पुढं उडालं, आबांची हनुवटी ट्रकच्या लोखंडी फाळक्यावर आणि सगळा भार मनगटावर. मी मनगटाला फळी बांधली, रक्त थांबवलं, गाडी करून बारामतीच्या दवाखान्यात पाठवलं. मग शांतपणे बसून रजिस्टर लिहिलं. मला शिकवलं होतं की डोळे, बोलणं, श्वास, वास, जे दिसेल, जे जाणवेल ते लिही. मी लिहिलं: शुद्धीवर, बोलणं तुटक, अंगाला व कपड्यांना आंबूस वास. लिहिलं आणि चहा प्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी टोळीतला दत्तू दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा गडी, एरवी दारातूनच टिंगल सुरू करायचा. त्या दिवशी आत येईना.

"काय झालं दत्तू?"

"जबाब घिऊन आबास्नी गेटभाईर काडलं. पिऊन पडला म्हणत्यात. आता कामावर घ्यायचं न्हाय म्हणं."

"कोण म्हणतं असं? आबा आणि दारू?"

दत्तू खाली बघत म्हणाला, "तुमी लिव्हलंय म्हणं, शिष्टर."

खरं सांगते, पायाखालची जमीन सरकली. दोन महिन्यांपूर्वीच आमच्याकडे नवे एचआरचे साहेब आले होते, नाईक साहेब. हुशार, नीटनेटके, पुण्याचे. त्यांना मळी ठाऊक नव्हती. आंबूस वास आणि तुटक बोलणं, एवढं वाचून त्यांनी गणित मांडलं. मला राग त्यांचा आला नाही, माझाच आला. आबा वर्षानुवर्षं तुटकच बोलायचे! आणि वास? तो तर माझ्याही अंगाला येत असणार! जे मला रोजचं, ते दुसऱ्याला नवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शनिवारी चौकशी होती. चौकशीत दारू ठरली असती तर आबांचं काम तर गेलंच असतं, पण त्याहून वाईट म्हणजे ज्या माणसानं भावाच्या चितेसमोर शपथ घेतली, तो शेळगावात दारुडा म्हणून परत गेला असता. माझ्या अक्षरामुळे.

नुसतं "आबा पीत नाहीत" असं जाऊन सांगून काय होणार? नाईक साहेबांनी विचारलं असतं, मग सपाट फरशीवर माणूस पडला कसा? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आबा सांगत नव्हते.

मग मी रजिस्टरं काढली. सगळी. जुनी, कपाटाच्या तळातली, झुरळं झटकून. दवाखान्याच्या पलंगावर पसरली. लाल पेन घेतलं आणि निळं. तीन नंबरला कुणी मागे घसरला असेल तर लाल खूण, पुढे अडखळला असेल तर निळी. पेशंट आला की त्याला पट्टी बांधायची आणि परत खुणा करायच्या. मला काय चढलं होतं कोण जाणे, जेवणाचा डबा तसाच राहिला.

आणि दिसलं हो! आधीच्या सगळ्या पानांवर लाल, लाल, लाल. माकडहाड, कोपर, डोक्याची मागची बाजू. मग एका पावसाळ्यानंतर लाल खूण एकदम बंद. त्यानंतर निळ्या, एकामागून एक. तळहात, गुडघे, हनुवटी. म्हणजे त्या पावसाळ्यापर्यंत तीन नंबरला माणसं घसरत होती आणि त्यानंतर अडखळायला लागली. जागा तीच, टोळी तीच. मग बदललं काय? एखादा पोलीस उठावा तशी मी उठले, एप्रन सारखा केला आणि प्लॅटफॉर्मकडे निघाले. लाजिरवाणी गोष्ट सांगते, इतक्या वर्षांत मी प्लॅटफॉर्मवर दहा वेळासुद्धा गेले नव्हते. जखमा माझ्याकडे चालत यायच्या, मग मी कशाला जाऊ?

जेवणाची सुट्टी होती. तीन नंबरच्या शटरपुढं फरशीवर एक गोणपाट पसरलेलं. आपण घरी न्हाणीच्या दारात पाय पुसायला टाकतो तसंच. मी गुडघ्यांवर बसले आणि ते उचलायला गेले तर उचलेना! मध्यभागी ते मळीत बसून वाळून चिक्कीसारखं घट्ट झालेलं, आणि कडा मात्र सुट्या, वर वळलेल्या. एका कोपऱ्याची वीण उसवून सुतळीचा फासा तयार झालेला. चप्पल घातलेला पाय त्यात सहज अडकेल. मी वर बघितलं. डोक्यावरच्या पाइपाच्या सांध्यातून काळा थेंब लोंबत होता. माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि गोणपाटावर पडला.

मला नाचावंसं वाटत होतं. सापडलं! दत्तू भाकरी खात बसला होता, त्याला मी ओरडूनच विचारलं, "हे गोणपाट कुठल्या शहाण्यानं टाकलंय रे इथं?"

दत्तूनं घास खाली ठेवला. छताकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. "हाय की ते पयल्यापासनं."

"पहिल्यापासून नाही. पावसाळ्यापासून आहे, माझ्याकडे लिहिलेलं आहे. कोणी टाकायला सांगितलं?"

"जाऊ द्या की शिष्टर."

"दत्तू!"

"तुमीच की वं," दत्तू म्हणाला.

आणि मला ते आठवलं. त्या पावसाळ्यात एक जण तीन नंबरला मळीवर घसरून माकडहाडावर आपटला होता. मी त्याला बर्फ लावत होते, बाहेर टोळी उभी होती, आणि मी चिडून म्हटलं होतं, "अरे, एखादं गोणपाट टाका की तिथं! घरी न्हाणीपुढं टाकता ना? एवढी अक्कल नाही?" बस, एवढंच. मी म्हटलं आणि विसरले. टोळी विसरली नाही. दवाखान्याचा हुकूम तो! गोणपाट फाटलं की त्यावर नवं टाकायचं, झाडणारी बाई काढायला आली तर तिला हटकायचं. "शिष्टरनं सांगितलंया," म्हणायचं. इमानेइतबारे सांभाळलं होतं त्यांनी. थेंब वरून पडतोय तर वर बघायचं सोडून मी खाली गोणपाट पसरायला लावलं होतं, आणि मग ज्यांना ज्यांना त्यानं पाडलं त्यांना मीच मलम लावत बसले होते. ते गोणपाट माझं आणि रजिस्टरमधल्या त्या निळ्या खुणाही माझ्याच.

"आबांना माहीत होतं?"

"आबास्नी न्हाय म्हायती व्हय? गोणपाट बदलाया तेच लावायचे आमास्नी."

शनिवारी चौकशी अकरा वाजता होती. मला बोलावलं नव्हतं. मी दहा वाजता प्लॅटफॉर्मवर गेले आणि तासभर तिथंच उभी राहिले, गरम पाइपाच्या खाली, पांढरा एप्रन घालून. टोळीला वाटलं बाईला वेड लागलं. अकराला मी तशीच ऑफिसात शिरले. एसी चालू, दारं बंद. टेबलामागं नाईक साहेब, बाजूला टोळी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस, समोर प्लास्टर गळ्यात अडकवलेले आबा. मला बघून आबांचा चेहरा उतरला. माझ्यावर रागावले असतील असं मला वाटलं.

"सिस्टर, आत्ता चौकशी चालू आहे," नाईक साहेब म्हणाले.

"म्हणूनच आले साहेब. जरा वास घ्या."

"काय?"

"माझा वास घ्या. एप्रनचा घ्या, केसांचा घ्या, लाजू नका, मी तुमच्या आईच्या वयाची आहे. मी किती प्यायले आहे ते सांगा."

ठेकेदाराचा माणूस फिस्सकन हसला. नाईक साहेबांनी नाइलाजानं मान पुढे केली आणि झटकन मागे घेतली. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. बंद खोलीत तो वास आता चांगलाच दरवळत होता. मी म्हटलं, "ही मळी आहे. आबांच्या कपड्यांना हीच होती. मी वास लिहिला, कशाचा ते लिहिलं नाही. चूक माझी." मग रजिस्टरं टेबलावर उघडली, लाल-निळ्या खुणा दाखवल्या, घसरणं म्हणजे काय, अडखळणं म्हणजे काय, सगळं सांगितलं. मी इतक्या जोरात बोलत होते की बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

साहेब ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे वळवला. आबांचा पहिला जबाब. त्यात प्रश्न होता, कशाला अडखळलात? आणि पुढे लिहिलं होतं, उत्तर दिले नाही. साहेब म्हणाले, "मी यांना तीन वेळा विचारलं. गोणपाटाला अडखळलो एवढं म्हणाले असते तरी मी जाऊन बघितलं असतं. का नाही सांगितलं?"

आबा गळ्यातल्या पट्टीची गाठ चाचपायला लागले.

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, कुणीही विचारलाच असता. "ते गोणपाट टाकलं कोणी?"

"टोळीनं," आबा पटकन म्हणाले. इतके पटकन ते आयुष्यात कधी बोलले नसतील.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी दारूचा डाग सोसला होता, कारण गोणपाटाचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न हाच आला असता, आणि त्याच्या उत्तरात मी होते. रडायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "साहेब, गोणपाट मी टाकायला सांगितलं. टोळीनं फक्त माझं ऐकलं."

"शिष्टर, गप ऱ्हावा," आबा म्हणाले.

"तुम्ही गप राहा आबा."

ठेकेदाराचा माणूस एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. नाईक साहेब उठले. माणूस चांगला होता, आता सांगायला हरकत नाही. ते तसेच प्लॅटफॉर्मवर गेले, आम्ही सगळे मागे. त्यांनी गोणपाट बघितलं, बुटाचं टोक त्या सुतळीच्या फाशात घालून ओढून बघितलं, वर थेंबाकडे बघितलं. फिटरला बोलावलं. सांधा आवळून नवं वायसर बसवायला फिटरला जेमतेम अर्धा तास लागला असेल. एवढ्या वर्षांची माकडहाडं आणि मनगटं त्या अर्ध्या तासासाठी मोडली होती. दत्तूनं फावड्यानं गोणपाट खरवडून काढलं, त्याखाली आणखी गोणपाटांचे थर निघाले, बाकरवडीसारखे.

आबा परत कामावर आले. मनगट थोडं वाकडंच बसलं, मग पोती उचलणं सुटलं आणि ते थप्पी मोजायला बसू लागले. मला ताकीदपत्र मिळालं, विनापरवानगी सूचना दिल्याबद्दल. ते मी नर्सिंगच्या सर्टिफिकेटाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं आहे आणि सुनेला मोठ्या हौसेनं दाखवते. आबांचं पडणं अपघात म्हणून नोंदलं गेलं, त्यामुळे गेटवरच्या फलकाचा आकडा त्या शनिवारी शून्यावर आला, डबे गेले, आणि टोळीतला एकही जण मला त्यावरून बोलला नाही.

त्या शनिवारी गेटच्या बाहेर मी आबांना गाठलं होतं. म्हटलं, "आबा, माझं नाव घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं? एक मेमो मिळाला असता. इथं तुमची अब्रू जात होती."

"मेमोचं मला काय कळतं?" आबा म्हणाले. "गावची ल्येक सासरच्या भागात नोकरी करती. तिचं नाव आमी चवकशीत घ्यायचं व्हय?" आणि सायकल ढकलत निघून गेले, एका हातानं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला दुपारी फाटक वाजलं. आबा. धुतलेली टोपी, हातात शेळगावच्या पेढ्यांचा पुडा. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं, त्यांचंही काम सुटलं होतं. मी ओवाळणीचं ताट करायला आत वळले आणि आबा आत का येत नाहीत म्हणून परत बघितलं. आमच्या सुनेनं फरशी पुसून दारात गोणपाट टाकलं होतं. आबा त्याच्यापुढे थांबले होते. ते वाकले, त्या वाकड्या हातानं गोणपाटाची नीट गुंडाळी केली, भिंतीला टेकवून ठेवली, वर छपराकडे एकदा बघून घेतलं.

"व्हय, गळत न्हाय," आबा म्हणाले. "आता ववाळ आक्का."